जुना डोमेन सर्व्हर हलवताना: विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वरून २०२२ वर

शंभरेक संगणकांचं ऑफिस घ्या. पतसंस्था असो, महाविद्यालय असो की एमआयडीसीतला कारखाना, सर्व्हर रूममधलं चित्र बहुतेक सारखंच असतं. २०१३-१४ च्या सुमाराला घेतलेला टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा) तोच, डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारा) तोच, डीएचसीपी (संगणकांना आयपी पत्ते वाटणारा) तोच, फाइल आणि प्रिंट सर्व्हरही तोच. शेजारी दुसरा, त्यावर एसक्यूएल सर्व्हर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर. इतक्या वर्षांत कोणी हात लावलेला नाही, कारण ‘चालतंय ना!’

२०१२ आणि २०१२ आर२ या दोन्हींचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. पैसे मोजून मिळणारे जादा सुरक्षा अपडेट फार तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ‘मग २०१६ टाकू, त्याची सीडी पडलीय’ असं कोणी म्हणालं तर त्याचा आधार १२ जानेवारी २०२७ ला संपतो, हे त्याला सांगा. २०१९ चा ९ जानेवारी २०२९ ला, २०२२ चा १४ ऑक्टोबर २०३१ ला.

नवी सिस्टिम बसवणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. महिना जातो तो जुन्या सर्व्हरला कोण कोण चिकटलंय हे शोधण्यात. त्याचं नाव आणि त्याचा आयपी पत्ता किती ठिकाणी हाताने टाकून ठेवलाय, आणि कोणतं यंत्र अजून त्याच्याशी जुन्या पद्धतीने बोलतंय, हे कळलं की बाकीचं काम सरळ आहे.

२०२५ का नको?

नको असं नाही, पण डोमेन कंट्रोलरसाठी ते थेट जमत नाही. सर्व्हर २०२५ चा डोमेन कंट्रोलर जोडायचा तर डोमेनची फंक्शनल लेव्हल, म्हणजे सगळे कंट्रोलर मिळून ज्या आवृत्तीच्या सोयी वापरतात ती पातळी, किमान २०१६ लागते. ती लेव्हल डोमेनमध्ये एकही २०१२ आर२ कंट्रोलर असेपर्यंत चढवता येत नाही. सर्व्हर २०२२ ला मात्र २००८ ची लेव्हल पुरते. म्हणून आधी २०२२ चे कंट्रोलर जोडायचे, जुने काढायचे, लेव्हल २०१६ वर न्यायची आणि मग हवं तर २०२५ आणायचा. २०१९ आणि २०२२ ने स्वतःची वेगळी लेव्हल आणलेलीच नाही, त्यामुळे २०२२ वर थांबलात तरी २०१६ हीच सर्वांत वरची पायरी.

साध्या मेंबर सर्व्हरची, म्हणजे डोमेनमधल्या पण कंट्रोलर नसलेल्या सर्व्हरची, गोष्ट उलटी आहे. २०१२ आर२ वरून जागच्या जागी २०१६, २०१९ किंवा थेट २०२५ वर जाता येतं, २०२२ वर मात्र थेट जाता येत नाही. तरी जागच्या जागी अपग्रेड हा शेवटचा पर्याय समजा: ज्या सॉफ्टवेअरचा सेटअप हरवलाय आणि विकणारा फोन उचलत नाही, तेवढ्यापुरता. डोमेन कंट्रोलरवर तो करूच नका. दहा वर्षांचा गाळ तसाच नव्या सिस्टिममध्ये येतो, आणि मध्येच फसलं तर परतायला बॅकअपशिवाय वाट नसते.

दोन आठवड्यांची शोधमोहीम

एक वही किंवा एक्सेल शीट घ्या. स्तंभ चार: यंत्र किंवा सॉफ्टवेअर, ते सर्व्हरला नावाने हाक मारतं की आयपीने, कोणत्या खात्याने, आणि बदल कोण करणार. मग एकेक धागा पकडा.

पहिला धागा एसएमबीच्या, म्हणजे शेअर फोल्डर उघडताना यंत्रं जी भाषा बोलतात तिच्या, पहिल्या आवृत्तीचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच दारातून. सर्व्हर २०१९ पासून ती मुळात बसवलेलीच नसते. जुन्या सर्व्हरवर सकाळी अकराच्या सुमाराला पॉवरशेलमध्ये ‘गेट-एसएमबीसेशन’ चालवा आणि क्लायंटचा पत्ता, वापरकर्ता आणि डायलेक्ट (एसएमबीची आवृत्ती) हे तीन स्तंभ मागा. डायलेक्टखाली ३.०२ दिसलं तर तो विंडोज ८.१ किंवा त्यानंतरचा संगणक. विंडोज १० सुद्धा इथे ३.०२ च दाखवतो, कारण २०१२ आर२ ची मजल तिथपर्यंतच. २.१० म्हणजे विंडोज ७. आणि १.५० दिसलं की तो तुमचा माणूस: बहुतेक वेळा झेरॉक्सचं मोठं मशीन, जे स्कॅन केलेला कागद थेट शेअर फोल्डरमध्ये टाकतं, नाहीतर स्टोअरमधला एक्सपीवाला संगणक.

एकदा पाहून भागत नाही, कारण स्कॅनर दिवसातून दोनच मिनिटं बोलतो. दर दहा मिनिटांनी हीच आज्ञा चालवून निकाल एका सीएसव्ही फाइलमध्ये जोडत राहणारं शेड्यूल्ड टास्क लावा आणि दोन आठवडे विसरा. महिन्याच्या शेवटालाच जागं होणारं एखादं यंत्र त्यातून निसटू नये म्हणून हे दोन आठवडे महिनाअखेर धरूनच निवडा. सापडलेल्या यंत्रांच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय असतो का ते पाहा, नसेल तर फर्मवेअर अपडेट विचारा, तेही नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीवर वळवा. एका झेरॉक्स मशीनसाठी नव्या फाइल सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालू करणं म्हणजे मांजरासाठी घराचं दार रात्रभर उघडं ठेवणं.

दुसरा धागा डीएनएसचा. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, नेटवर्क प्रिंटर, स्विच, दुसऱ्या शाखेतला राउटर: यांना आयपी हाताने दिलेला असतो आणि डीएनएस म्हणून जुन्या सर्व्हरचा पत्ता. जुन्या सर्व्हरच्या डीएनएस कन्सोलमध्ये प्रॉपर्टीजखाली डीबग लॉगिंग चालू करून फक्त येणाऱ्या प्रश्नांची नोंद ठेवा. दोन-तीन दिवसांच्या लॉगमधून विचारणाऱ्यांची यादी निघते. त्यातून डीएचसीपीच्या लीजमध्ये (ठरावीक मुदतीसाठी वाटलेल्या पत्त्यांत) असलेले पत्ते वजा करा, उरलेले सगळे हाताने दिलेले. लॉगचा आकार मर्यादित ठेवा, नाहीतर सी ड्राइव्ह भरून भलतंच काम निघेल.

तिसरा, एलडॅप: बाकीची सॉफ्टवेअर डोमेनकडे वापरकर्त्यांची चौकशी करतात ती पद्धत. फायरवॉलमध्ये वापरकर्त्यांची ओळख पटवायला, ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, हजेरी-पगाराच्या वेब ॲपमध्ये डोमेन कंट्रोलरचा आयपी टाकलेला असतो. डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये इव्हेंट २८८७ रोज एकदा फक्त आकडा सांगतो, की डिजिटल सहीशिवायची इतकी बाइंडिंग (एलडॅपने केलेली लॉगिन) झाली. कोणी केली हे हवं असेल तर रजिस्ट्रीतल्या एनटीडीएस डायग्नॉस्टिक्समध्ये ‘१६ एलडॅप इंटरफेस इव्हेंट्स’ची किंमत २ करा. मग इव्हेंट २८८९ मध्ये पत्ता आणि खातं दोन्ही येतं.

शिवाय सर्व सर्व्हरवरच्या सर्व्हिसेस आणि शेड्यूल्ड टास्क ‘कोणत्या खात्याने चालतं’ या स्तंभाने लावून पाहा. निम्म्या ठिकाणी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ निघेल. ज्या दिवशी तो पासवर्ड बदलाल त्या रात्रीचा बॅकअप पडलाच म्हणून समजा. वायफायची ओळख रेडियसने, म्हणजे प्रत्येकाच्या डोमेन खात्याने, होत असेल तर नेटवर्क पॉलिसी सर्व्हरचा रोल याच जुन्या डब्यात लपलेला असतो. तो एक्स्पोर्ट करता येतो, पण त्या फाइलमध्ये गुपितं उघडी असतात, ती पेनड्राइव्हवर हिंडवू नका. आणि सर्टिफिकेट अथॉरिटीचा (ऑफिसमधल्या यंत्रांना डिजिटल सर्टिफिकेट देणारा) रोल बसवलेला आहे का ते आत्ताच पाहा: तो काढल्याशिवाय कंट्रोलरचं पद उतरवताच येत नाही, आणि खासगी कीचा बॅकअप न घेता काढला तर त्याने दिलेल्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या नूतनीकरणाची वाट बंद होते.

सामान आणि लायसन्स

शंभर-सव्वाशे संगणकांना एक १६ कोरचा, ६४ ते १२८ जीबी रॅमचा सर्व्हर पुरतो. सिस्टिमसाठी दोन एसएसडी रेड १ मध्ये (दोन्हींवर तीच प्रत), डेटासाठी चार रेड १० मध्ये. त्यावर हायपर-व्ही (एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर चालवणारी विंडोजची सोय) आणि आत व्हर्च्युअल मशीन: डोमेन कंट्रोलरला २ व्हीसीपीयू आणि ८ जीबी भरपूर झाले, फाइल सर्व्हरला तेवढंच, एसक्यूएलला ४ व्हीसीपीयू आणि ३२ जीबी. दुसरा डोमेन कंट्रोलर वेगळ्या यंत्रावर हवाच. दोन्ही एकाच डब्यात ठेवले तर दोन असण्याला अर्थ नाही.

लायसन्स कोरवर मोजलं जातं. प्रत्येक प्रोसेसरचे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरचे किमान १६ कोर धरावेच लागतात. स्टँडर्ड आवृत्तीत तेवढ्यात दोन व्हर्च्युअल मशीन मिळतात, तेही होस्टवर हायपर-व्हीशिवाय दुसरं काही चालवलं नाही तर. तिसरं मशीन हवं असेल तर सगळे कोर पुन्हा एकदा विकत घ्या. शिवाय क्लायंट ॲक्सेस लायसन्स, ज्याला सगळे ‘कॅल’ म्हणतात. २०१२ चे कॅल २०२२ ला चालत नाहीत, आणि कोटेशनमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. तीन पाळ्यांत तेच संगणक वेगवेगळी माणसं वापरत असतील तर डिव्हाइस कॅल स्वस्त पडतात. एका माणसाकडे लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्ही असतील तर युझर कॅल. रिमोट डेस्कटॉपचे कॅल वेगळे, आणि ते न टाकताही १२० दिवस सगळं सुरळीत चालतं, म्हणून एकशे एकविसाव्या दिवशी गोंधळ होतो. व्हॉल्यूम लायसन्समध्ये २०२५ विकत घेऊन २०२२ बसवण्याची मुभा असते. तसंच घ्या, पुढच्या वेळी पुन्हा पैसे पडणार नाहीत.

बॅकअप, आणि तो परत आणून पाहणं

जुन्या डोमेन कंट्रोलरचा सिस्टिम स्टेटसह (डोमेनची खाती आणि रजिस्ट्री धरून) पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग तो एका वेगळ्या संगणकावर, नेटवर्कची वायर न लावता, व्हर्च्युअल मशीनमध्ये उठवून पाहा. डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडचा (डोमेनचा बॅकअप परत आणताना लागणारा) पासवर्ड कुणालाच आठवत नाही हे इथे कळतं. आत्ताच एनटीडीएस-युटिलने तो नवा करून पाकिटात घालून ठेवा. ग्रुप पॉलिसींचा (सगळ्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगचा) वेगळा बॅकअप कन्सोलमधून दोन क्लिकमध्ये होतो, तोही घ्या.

नवा डोमेन कंट्रोलर

आधी जुन्याची तब्येत. ‘डीसीडायग’ चालवा, एकाहून जास्त कंट्रोलर असतील तर ‘रेपअ‍ॅडमिन’ला रेप्लिकेशनचा (कंट्रोलरांनी आपापसांत माहिती जुळवण्याचा) सारांश विचारा. इथे दिसणारी चूक आज दुरुस्त करा. नव्या कंट्रोलरबरोबर ती दुप्पट होते.

मग सिसव्हॉल, म्हणजे ग्रुप पॉलिसी आणि लॉगिन स्क्रिप्ट ठेवणारं कंट्रोलरवरचं फोल्डर. डोमेनचा जन्म सर्व्हर २००३ च्या काळातला असेल तर सिसव्हॉलच्या प्रती जुळवणारी पद्धत अजून जुनी एफआरएसच असू शकते (नवी ती डीएफएसआर), आणि सर्व्हर २०१९ पासून पुढे एफआरएस चालतच नाही, त्यामुळे २०२२ ला कंट्रोलर करताना विझार्ड तिथेच अडतो. ‘डीएफएसआरमिग’ला ग्लोबल स्टेट विचारा. ‘एलिमिनेटेड’ आलं तर पुढे जा. नाहीतर स्थिती १, २, ३ अशा तीन पायऱ्या क्रमाने चढायच्या: प्रिपेअर्ड, रिडायरेक्टेड, एलिमिनेटेड. प्रत्येक पायरीनंतर सगळे कंट्रोलर तिथे पोचल्याचं उत्तर येईपर्यंत थांबा, घाई केली की एखादा मागे राहतो. दुसऱ्या पायरीपर्यंत परत फिरता येतं, तिसरी चढलात की नाही.

दुसरा सापळा एकटा कंट्रोलर असलेल्या ऑफिसांचा. आधी दोन कंट्रोलर होते, एक कधीतरी मेला, दुसरा तसाच चालत राहिला. जोडीदाराशी ६० दिवसांहून जास्त संपर्क नसेल तर डीएफएसआर सिसव्हॉलचं रेप्लिकेशन थांबवतं आणि लॉगमध्ये इव्हेंट ४०१२ टाकतं. एकट्याच्या संसारात हे कुणाच्या लक्षात येत नाही. नवा कंट्रोलर जोडल्यावर मात्र त्याच्याकडे सिसव्हॉल आणि नेटलॉगऑन हे शेअर तयारच होत नाहीत. उपाय: मेलेल्या कंट्रोलरचा मेटाडेटा (डिरेक्टरीत उरलेल्या नोंदी) साफ करायचा, सिसव्हॉलमधलं पॉलिसी फोल्डर बाजूला कॉपी करायचं आणि जिवंत कंट्रोलरला एडीएसआय एडिटमधून अधिकृत प्रत ठरवायचं, म्हणजे एमएसडीएफएसआर-ऑप्शन्सची किंमत १ करून रेप्लिकेशन पुन्हा सुरू करायचं.

आता नवा सर्व्हर. स्थिर आयपी, डीएनएस म्हणून जुन्याचा पत्ता, नवं नाव, सगळे अपडेट, मग डोमेनमध्ये जोडणी. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीचा) रोल टाका आणि कंट्रोलर म्हणून बढती द्या. स्कीमा (डिरेक्टरीचा आराखडा) वाढवणारं ‘एडीप्रेप’ विझार्ड स्वतःच चालवतो, फक्त तुमचं खातं स्कीमा ॲडमिन्स आणि एंटरप्राइझ ॲडमिन्स या दोन्ही गटांत हवं. काम झालं की त्या गटांतून बाहेर पडा. रीस्टार्टनंतर ‘नेट शेअर’ चालवून वरचे दोन शेअर दिसतात का बघा. ते दिसेपर्यंत पुढे काही करू नका. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत साठवलेले डीएनएस झोन आपोआप येतात. फॉरवर्डर आणि फाइलमध्ये साठवलेले झोन येत नाहीत, ते हाताने.

दुसरा नवा कंट्रोलर असाच बसवा. दोन दिवस सगळं शांत असेल तर पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या जबाबदाऱ्या) नव्याकडे द्या आणि ‘नेटडॉम क्वेरी एफएसएमओ’ने खात्री करा.

त्यांतला पीडीसी एम्युलेटरचा रोल (डोमेनचं घड्याळ सांभाळणारा) हलतो, पण वेळेची सेटिंग त्याच्याबरोबर हलत नाही. केर्बेरॉस ही डोमेनची ओळख तपासणारी पद्धत पाच मिनिटांपेक्षा जास्त तफावत सहन करत नाही, मग लॉगिनच बंद. नव्या पीडीसीवर ‘डब्ल्यू३२टीएम’ने बाहेरचा वेळेचा स्रोत द्या. भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवायची असतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. कंट्रोलर व्हर्च्युअल असेल तर हायपर-व्हीच्या इंटिग्रेशन सर्व्हिसेसमधलं टाइम सिंक्रोनायझेशन या मशीनसाठी बंद करा. नाहीतर होस्ट डोमेनकडून वेळ घेतो, डोमेन होस्टकडून, आणि दोघं मिळून हळूहळू वाहत जातात.

डीएचसीपी

आठ दिवस आधी लीजची मुदत नेहमीच्या ८ दिवसांवरून १ दिवसावर आणा. बदलाच्या दिवशी पॉवरशेलने लीजसकट एक्स्पोर्ट, नव्यावर इम्पोर्ट, ऑप्शन ००६ मध्ये (डीएनएस कोण हे सांगणाऱ्या) नव्या कंट्रोलरांचे पत्ते, नव्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरीत अधिकृत करणं आणि जुन्याची सर्व्हिस थांबवून डिसेबल करणं. शेवटची पायरी विसरलात तर दोघंही एकाच पट्ट्यातले पत्ते वाटत बसतात.

फाइल सर्व्हर: इथेच रात्र जाते

सर्व्हर २०१९ पासून मिळणारी स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस शेअर, परवानग्या आणि नाव-आयपीसुद्धा हलवते. फाइल सर्व्हर वेगळा असेल तर तीच वापरा. पण फाइल सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर एकाच डब्यात असताना नाव-आयपी हलवण्याचा भाग चालत नाही, आणि आपल्याकडे नेमकं तेच असतं. मग रोबोकॉपी, विंडोजची मोठ्या कॉपीसाठीची आज्ञा.

स्रोत, गंतव्य आणि त्यानंतर /एमआयआर /कॉपीऑल /बी /आर:१ /डब्ल्यू:१ /एमटी:१६ आणि शेवटी लॉगची फाइल. प्रत्येक अक्षराला कारण आहे. कॉपीऑल परवानग्या आणि मालकी नेतं. बी म्हणजे बॅकअप मोड, ज्या फोल्डरवर ॲडमिनलाही प्रवेश नाही तिथे शिरायला. आर आणि डब्ल्यू दिले नाहीत तर एका उघड्या एक्सेल फाइलसाठी रोबोकॉपी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतं. सकाळी येऊन पाहाल तर गाडी त्याच फाइलवर उभी. एमआयआर आरसा बनवतं: स्रोतात नसलेलं गंतव्यातून पुसतं. स्रोत-गंतव्याची अदलाबदल झाली तर रिकामं नवं फोल्डर तुमचा सगळा डेटा पुसून टाकेल. पहिल्यांदा /एल जोडून कोरडी तालीम करा, आणि आज्ञा टाइप न करता फाइलमध्ये साठवून ती दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

ड्राइव्हच्या मुळापासून, म्हणजे डी ड्राइव्हवरून थेट नव्या सर्व्हरच्या एखाद्या फोल्डरमध्ये कॉपी केली तर ते नवं फोल्डर गायब होतं. घाबरू नका, डेटा तिथेच असतो. ड्राइव्हच्या मुळाला हिडन आणि सिस्टिम हे गुण असतात, ते फोल्डरला चिकटतात. ‘ॲट्रिब’ने काढा, किंवा आधीच /ए-:एसएच जोडा. रीसायकल बिन आणि सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन वगळायलाही विसरू नका.

एक गिगाबिटच्या नेटवर्कवर मोठ्या फाइल सेकंदाला साधारण १०० एमबीने जातात, म्हणजे एक टीबीला तीन तास. पण वर्ड-एक्सेलच्या लाखो चिंध्या असतील तर त्याच्या कित्येक पट वेळ. म्हणून पहिली फेरी आठवडाभर आधी, दिवसाढवळ्या लोक काम करत असतानाच. मग रोज रात्री एक फेरी, त्यात फक्त बदल जातात. शेवटची फेरी शनिवारी संध्याकाळी, जुन्या शेअरच्या परवानग्या ‘फक्त वाचा’ करून. शेड्यूल्ड टास्कमध्ये निकाल १ किंवा ३ दिसला म्हणजे चूक नव्हे. रोबोकॉपीत ७ पर्यंत ठीक, ८ पासून पुढे काहीतरी राहिलं.

परवानग्यांत एक गोम आहे. जुन्या सर्व्हरवरच्या लोकल ग्रुपना दिलेल्या परवानग्या नव्या सर्व्हरवर निरर्थक आकड्यांसारख्या दिसतात. त्या आधीच डोमेन ग्रुपमध्ये बदला. शेअरची यादी जुन्या रजिस्ट्रीतल्या लॅनमॅनसर्व्हरखालच्या शेअर्स कीमध्ये असते. ती एक्स्पोर्ट करून नव्यावर घ्या, ड्राइव्हचं अक्षर तेच ठेवा.

लोकांच्या मॅप केलेल्या ड्राइव्हचा मार्ग ग्रुप पॉलिसीतून बदलतो, पण एकमेकांना जोडलेल्या एक्सेल फाइलींमध्ये आणि डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव कोरलेलं असतं. यासाठी जुना सर्व्हर डोमेनमधून गेल्यावर त्याचं नाव ‘नेटडॉम कॉम्प्युटरनेम’ने नव्या फाइल सर्व्हरला पर्यायी नाव म्हणून द्या. नुसता डीएनएसमध्ये सी-नेम (टोपणनावाची नोंद) टाकला तर नाव सापडतं पण केर्बेरॉसची ओळख जुळत नाही. नवे शेअर मात्र डीएफएस नेमस्पेसखाली, डोमेनच्या नावाने उघडा, म्हणजे पुढचा सर्व्हर बदलताना मार्ग बदलणार नाही.

प्रिंटरचं थोडक्यात: जुन्या रांगा ड्रायव्हरसकट हलवू नका. जुलै २०२१ च्या प्रिंटनाइटमेअर या सुरक्षा-त्रुटीनंतर ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे हक्क लागतात, त्यामुळे जुने ३२ बिटचे ड्रायव्हर घेऊन गेलात तर सोमवारी प्रत्येक टेबलावर पासवर्ड टाकत फिरावं लागेल. नवे ड्रायव्हर, नव्या रांगा.

एसक्यूएल, टॅली आणि डाँगल

एसक्यूएल सर्व्हर २०१२ चा आधार १२ जुलै २०२२ ला आणि २०१४ चा ९ जुलै २०२४ ला संपला आहे, म्हणजे तोही बदलायचाच. नव्या आवृत्तीवर रिस्टोअर केलेला डेटाबेस परत जुन्यावर जात नाही, म्हणून ॲपच्या विक्रेत्याकडून चाचणी आधी. तीन ठिकाणी हमखास अडतं. एक, डेटाबेस येतो पण लॉगिन येत नाहीत. नवी हाताने बनवली तर आतले वापरकर्ते अनाथ राहतात. लॉगिन त्यांच्या मूळ एसआयडीसह (ओळख क्रमांकासह) स्क्रिप्टने न्या. दोन, कोलेशन (अक्षरांचा क्रम आणि तुलना ठरवणारं सेटिंग): बसवताना जुन्यासारखंच निवडा, नाहीतर टेम्पडीबीशी (एसक्यूएलच्या तात्पुरत्या डेटाबेसशी) जोडणाऱ्या रिपोर्टमध्ये कोलेशन कॉन्फ्लिक्ट येतो. हे नंतर बदलणं म्हणजे जवळपास पुन्हा बसवणं. तीन, नाव दिलेल्या इन्स्टन्सचा (वेगळं नाव देऊन बसवलेल्या एसक्यूएलचा) पोर्ट बदलता असतो आणि त्याची चौकशी यूडीपी १४३४ वर होते. नव्या सर्व्हरचा फायरवॉल दोन्ही अडवतो. पोर्ट कायमचा ठरवून टाका आणि तेवढाच उघडा.

टॅलीचं लायसन्स यंत्राला बांधलेलं असतं. जुन्या सर्व्हरवर ते आधी सरेंडर करा, मग नव्यावर ॲक्टिव्हेट. जुनी डिस्क पुसल्यावर आठवलं तर विक्रेत्यामागे धावणं आलं. मराठी टायपिंगच्या आणि काही हिशेबाच्या जुन्या पॅकेजांना यूएसबी डाँगल (लायसन्सची चावी) लागतो, आणि हायपर-व्हीला होस्टची यूएसबी थेट आतल्या मशीनला देता येत नाही. अशा पॅकेजसाठी एक साधा संगणक वेगळा ठेवा किंवा नेटवर्कवरून यूएसबी देणारं डिव्हाइस घ्या. व्हीएमवेअरवर ही अडचण नाही.

जुना बंद करणं

तारीख मार्चअखेर, ऑडिट आणि पगाराचा आठवडा टाळून ठरवा, आणि वीज कंपनीचा दुरुस्तीचा दिवस विचारून घ्या. पुण्याकडे गुरुवार म्हटलं की बरेच जण आपोआप मान डोलावतात.

जुन्या कंट्रोलरचं पद लगेच उतरवू नका. आधी तो पाच-सहा दिवस नुसता बंद ठेवा आणि कोण ओरडतं ते ऐका. हजेरी मशीन, लॅबमधला विसरलेला प्रिंटर, शाखेतला व्हीपीएन: वहीत न आलेलं सगळं या आठवड्यात समोर येतं. कंट्रोलर जास्तीत जास्त किती काळ दूर राहू शकतो हे ठरवणाऱ्या १८० दिवसांच्या टूम्बस्टोनच्या मुदतीपुढे सहा दिवस काहीच नाहीत. सगळं भागलं की तो चालू करा, तासभर रेप्लिकेशन होऊ द्या, रोल उतरवा आणि मगच डोमेनमधून काढा. थेट तार ओढून फेकून दिलेला कंट्रोलर डीएनएसमध्ये आणि साइट्सच्या यादीत भुतासारखा राहतो आणि लॉगिन मधूनमधून अडखळतात.

आयपी हाताने टाकलेली यंत्रं खूप निघाली तर जुन्याचा आयपी एका नव्या कंट्रोलरला द्या, पण जुना गेल्यावरच. आयपी बदला, ‘आयपीकॉन्फिग’ने डीएनएसमध्ये नोंद करा, नेटलॉगऑन सर्व्हिस रीस्टार्ट करा, जुन्या पत्त्याच्या नोंदी डीएनएसमध्ये उरल्यात का पाहा, ‘डीसीडायग’ पुन्हा. दोन्ही पत्ते एकाच कंट्रोलरवर ठेवायचा मोह टाळा: डीएनएसमध्ये दोन्हींची नोंद होते, आणि दुसऱ्या सबनेटवरच्या क्लायंटना न पोचणारा पत्ताही मिळू शकतो.

शेवटचा २०१२ आर२ कंट्रोलर गेला की डोमेन आणि फॉरेस्टची (डोमेनांच्या समूहाची) लेव्हल २०१६ करा आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं रीसायकल बिन चालू नसेल तर चालू करा. केर्बेरॉसची ओळख-तिकिटं ज्याच्या किल्लीने बनतात त्या केआरबीटीजीटी खात्याचा पासवर्ड कदाचित डोमेनच्या जन्मापासून बदललेला नसेल. तो दोनदा बदलायचा असतो. दोन वेळांमध्ये तिकिटाच्या मुदतीच्या १० तासांहून जास्त अंतर ठेवा, एक दिवसाचं ठेवलंत तर उत्तम, आणि प्रत्येक वेळी बदल सगळ्या कंट्रोलरांवर पोचल्याची खात्री करा. जुन्या सर्व्हरच्या डिस्क काढून, त्यावर तारीख आणि रेडमधला क्रमांक मार्करने लिहून, पुढच्या ऑडिटपर्यंत कपाटात कुलपात ठेवा.